आधी गूळ, मग पाणी

१० नोव्हेंबर, गुंजी
दैनंदिनी लिहायचा माझा हा कितवा प्रयत्न ते देवालाच ठाऊक. या वेळी मात्र अतुल चौगुल्यांनी दम भरलाय. त्यांचं म्हणणं, दुसऱ्याच्या लिखाणावर बोलणाऱ्याने आधी रोज स्वतः चार ओळी लिहून बघाव्यात, म्हणजे जीभ आपोआप मऊ होते.

अतुल निपाणीचे. तिथं त्यांचं सायकलींचं दुकान आहे आणि फावल्या वेळात ते आमचा ऑनलाइन गट चालवतात. गटाचं नाव 'गूळपाणी'. निपाणीपासून खानापूरपर्यंतची हौशी लिहिणारी माणसं त्यात आहेत. नियम एकच. घरी पाहुणा आला की आपण आधी गुळाचा खडा देतो आणि मग पाणी. तसंच कुणी काही लिहून पाठवलं की आधी गूळ द्यायचा, म्हणजे काय आवडलं ते सांगायचं. मग पाणी, म्हणजे एकच प्रश्न विचारायचा. चुका काढायच्या नाहीत. नव्या माणसाला टोपणनाव घेता येतं, आणि ते कुणाचं हे फक्त अतुलना माहीत असतं.

मी स्वतः गोष्टी लिहीत नाही. पण अभिप्राय देण्यात माझा हात धरणारं गटात कुणी नाही, असं अतुलच म्हणतात. मी नाही म्हणत.

गटाची जाहिरात छापून आलीय. ओमकारला म्हटलं, डेअरीच्या भिंतीवर लाव. माझा नवरा तो, 'लावतो' म्हणाला आणि विसरला. शेवटी आत्तींनी, म्हणजे सासूबाईंनी, ती मामांच्या हातात दिली. मामा म्हणजे माझे सासरे, गुंडू पाटील. ते जाहिरात हातात धरून बराच वेळ उभे होते. चष्मा बदलायला झाला असावा.

१८ नोव्हेंबर
नवा लेखक मिळाला! टोपणनाव 'पाणंद', म्हणजे शेतातून जाणारी वाट. अतुल म्हणाले, "नीलमताई, हे तुमच्याचकडं पाहिजेत म्हणून हटून बसलेत. दुसऱ्या कुणाला दाखवू नका म्हणतात." माझी कीर्ती कुठवर पोचलीय बघा.

गोष्ट निपाणीकडच्या एका तंबाखूवाल्या शेतकऱ्याच्या घरातली आहे आणि सांगतेय कोण, तर गोठ्यातली म्हैस! काशी तिचं नाव. म्हाताऱ्याचा खोकला, म्हातारीचे टोमणे, सगळं तिला गोठ्यातून ऐकू येतं. शहरातल्या क्लिनिकला कामाला जाताना मी रेल्वेत वाचलं आणि एवढ्या मोठ्याने हसले की समोरच्या बाईने डबा बाजूला सरकवून घेतला.

घरात एक सूनही आहे. ती टोपली घेऊन येते, टोपली घेऊन जाते. बोलत काहीच नाही. म्हणून मी पाणी दिलं ते असं: "या सुनेला काही बोलायचं नाही का?"

माणसं ओळखण्यात मी कधी चुकत नाही. हे पाणंद म्हणजे निपाणीकडचे कुणी जाडजूड, पांढऱ्या मिशांचे जैन शेतकरी असणार. मी त्यांना मनातल्या मनात कलगोंडा अण्णा म्हणायला लागलेय.

२१ नोव्हेंबर
आज घरात अघटित घडलं. मामा माझ्याशी बोलले.

हे कुणी परक्याने वाचलं तर हसेल. पण आमच्याकडे सासरा सुनेशी सरळ बोलत नाही. त्यात भांडण-तंटा काही नाही, रीतच तशी. मामांना चहा हवा असला की ते आत्तींना म्हणतात, "चहा मिळंल काय घरात?" आत्ती नसल्या तर म्हशीला म्हणतात, "काय गं गौरे, चहाची येळ झाली न्हवं?" मग मी चहा नेऊन उंबऱ्यावर ठेवते. लग्नाला आठ वर्षं झाली, पण कपबशी आजवर हातातून हातात गेलेली नाही. मामा वाईट नाहीत हो. कडक दिसतात, पण माझ्या गाडीला उशीर झाला की स्टेशनच्या कट्ट्यावर बसलेले असतात. मी उतरले की काही न बोलता पुढं चालायला लागतात.

तर आज मी चहा ठेवून वळले आणि मागून आवाज आला, "तुला कसा लागतोय चहा? गोड का फिक्का?"

मी मागं बघितलं. गौरी तर गोठ्यात होती. आत्ती परसात. म्हणजे प्रश्न मलाच होता. मी "फिक्का" म्हटलं आणि आत पळाले. आत्तींना सांगितलं तर त्या पदर तोंडात धरून हसत सुटल्या.

२६ नोव्हेंबर
शेजारच्या रुक्माबाई सकाळी कानाशी लागल्या. "नीलम, रागावू नको गं. पर तुझं मामा खळ्यावर येकटंच बोलालेत. हातवारे करून. मी म्हशीसंगं बोलालेत म्हणून बघाय गेलतो, तर म्हैसबी न्हाय!"

आमच्या खळ्यावर मळणीचे दिवस सोडले तर चिटपाखरू नसतं. तिथं जायचं कारण एकच असू शकतं, गावात फोनला रेंज फक्त तिथंच येते. पण मामांना कुणाचा फोन येणार?

ओमकार घाबरलाय. या वयात असं एकटं बोलणं चांगलं नाही म्हणाला. डॉक्टरला दाखवायचं ठरलं.

३० नोव्हेंबर
दाखवलं. डोकं ठणठणीत आहे. साखर मात्र थोडी वाढलीय, म्हणून गूळ बंद केलाय. मामांनी डॉक्टरकडे असं बघितलं, जणू त्याने गौरीच विकायला सांगितलीय.

रात्रीच्या जेवणात आणखी एक नवल. आमटीचा भुरका मारून मामा आत्तींकडं न बघता म्हणाले, "वास झ्याक हाय. फोडणीबी खमंग बसलीय. येक प्रश्न हाय. मीठ दुकानात संपलंय काय?"

ओमकारला ठसका लागला. मीही हसले. गटाचा नियम मी मागं जेवताना सांगितला होता, तो मामांनी एवढा ध्यानात ठेवला याचं कौतुक वाटलं. आत्ती म्हणाल्या, "चाळीस वर्सं नुसतं ताट सरकवून दावलं ह्यांनी, अळणी का खारट ते मी वळखायचं." आणि माझ्याकडं बघून पुन्हा पदर तोंडात.

८ डिसेंबर
पाणंदांची गोष्ट दुरुस्त होऊन आली. आता सून बोलते! म्हाताऱ्याने विचारल्यावर म्हणते, "फिक्का." एवढंच बोलते, पण काय जागेवर बोलते! मला तर आपलंच माणूस भेटल्यासारखं झालं. जगात फिक्का चहा पिणाऱ्या सुना पुष्कळ असणार.

मी आनंदाच्या भरात अतुलना म्हटलं, आता ही सगळ्यांना वाचू द्या. संक्रांतीआधीच्या रविवारी कडोलीच्या साहित्य संमेलनाला आमच्या गटातले बरेच जण जातातच. तिथं झाडाखाली आपणही बसू, प्रत्येकाने आपलं वाचायचं, असं ठरलंय. पाणंदांनी वाचलंच पाहिजे. अतुलनी त्यांना विचारलं. 'व्हय' म्हणालेत.

१० डिसेंबर
डोकं भणाणलंय.

टिळकवाडीतले विक्रम वकील गेल्या महिन्यात गटात आलेत. आज त्यांनी पाणंदांच्या गोष्टीवर सगळ्यांसमोर लिहिलं: "निपाणीच्या तंबाखूवाल्याच्या गोठ्यात भाताचं पिंजर? तिथे जनावराला कडबा घालतात. लेखकाने तो मुलूख बसच्या खिडकीतूनही पाहिलेला दिसत नाही. गोठ्यातल्यांनी गोठा सांभाळावा, लेखणीच्या वाटेला जाऊ नये."

गूळ नाही, प्रश्न नाही. दारात आलेल्या माणसाच्या तोंडावर तांब्या उपडा केला नुसता.

पिंजराचं खरं आहे. ते आमच्या खानापूरकडं, भाताच्या मुलखात. माझ्याही लक्षात आलं होतं, पण मी मुद्दाम बोलले नव्हते. अतुलनी वकिलांना सुनावलं. पण संध्याकाळी निरोप आलाच: पाणंद म्हणतात, गोष्ट काढून टाका, कडोलीला येत नाही, पुन्हा लिहिणार नाही.

क्लिनिकात स्वागताच्या टेबलावर दिवसभर 'कूडरी, बसा, बैठिए' करत होते, पण लक्ष नव्हतं. एका आजोबांना दाताऐवजी डोळ्याबद्दल विचारलं. एवढं सुंदर लिहिणारा माणूस माझ्या हातून निसटतोय. मला तो निसटू द्यायचा नाही.

१३ डिसेंबर
मामाही गप्प आहेत. फोन आत्तींच्या पेटीत टाकलाय. खळ्यावर जात नाहीत, चहाचं विचारत नाहीत. परवापासून पुन्हा गौरीकडूनच निरोप. गूळ बंद झाला की माणूस एवढा खचतो हे मला माहीत नव्हतं. ओमकारला म्हटलं, डॉक्टरला विचारून एखादा खडा तरी सुरू करू या.

१५ डिसेंबर, रविवार
आज मी आपणहून मामांशी बोलले. कसं धाडस झालं कळत नाही. ते ओट्यावर दावं वळत होते. मी सुपात तांदूळ घेऊन थोडी लांब बसले आणि म्हटलं, "मामा, एक विचारू?"

त्यांचा हात थांबला. मी सगळं सांगितलं. आमच्या गटात निपाणीकडचे एक अण्णा आहेत, फार छान लिहितात, एकाने त्यांना वेडंवाकडं लिहिलं आणि त्यांनी लिहिणंच सोडलं. मोडलेलं मन कसं सांधायचं?

"छान लिवतोय म्हंजे कसं?" मामांनी विचारलं.

"म्हणजे बघा, त्यांची गोष्ट वाचून मी घरी आले आणि गोठ्यात जाऊन गौरीकडं बघत बसले. आठ वर्षं मी तिला चारा घालतेय, पण ती मला दिसली त्या दिवशी."

मामांनी दाव्याचा सुटलेला पेड पुन्हा गुंफला. मग म्हणाले, "हे त्याला सांगितलंस काय?"

"नाही अजून."

"मग सांग की. गूळ पोटात गेल्याबिगर पाणी न्हाय उतरत."

"सांगते. आजच सांगते."

"आनि त्या तंबाखूचं काय करायचं म्हणं त्यानं?"

तंबाखूचं मी काही बोललेच नव्हते. आत्तींनी सांगितलं असणार, त्यांच्या पोटात काही राहत नाही. मी म्हटलं, "तंबाखू काढून टाकायची. ज्या गावात पिंजर आहे त्या गावात गोष्ट आणायची. दुसऱ्याचं घर कशाला, आपलंच लिहायचं."

"मग लोक वळखतील की गं."

"ओळखू देत की! चांगल्या माणसाला ओळखलं तर काय बिघडलं?"

मामांनी दाव्याला एवढा जोरात पीळ दिला की ते तुटायचंच बाकी होतं. मी आत येऊन अतुलकडे निरोप लिहून पाठवला. गौरीचं सगळं लिहिलं. शेवटी लिहिलं, "अण्णा, तुमच्या सुनेला अजून पुष्कळ बोलायचं आहे असं वाटतं. तुम्ही थांबलात तर ती 'फिक्का'वरच अडकेल."

१७ डिसेंबर
पाणंद परत लिहितायत! अतुलचा निरोप आला तेव्हा मी क्लिनिकात एका पेशंटला उगाचच पेढा दिला. डॉक्टर रागावले, दातांचा दवाखाना आहे म्हणाले.

मामांचाही मूड सुधारलाय. खळ्यावर जायला लागलेत. एक खडा गूळ दिल्याचा परिणाम.

२३ डिसेंबर
गाडी उशिरा आली. मामा कट्ट्यावर होतेच. मी उतरले, पण आज ते पुढं चालायला लागले नाहीत, शेजारी चालले. पाणंदीत शिरल्यावर विचारलं, "रोज गाडीत काय करतीस तू?"

"खिडकीशी बसून वाचते."

"आनि मग?"

काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून गेले, "मग गुंजी आलं की पुस्तक मिटते. आणि पुस्तकासंगं तोंडबी."

थट्टेनेच म्हटलं मी. दिवसभर तीन भाषांत बोलणारी बाई घरी येऊन गप्प बसते, याचं मला स्वतःलाच कधी कधी हसू येतं. पण मामा हसले नाहीत. घराशी आल्यावर चहा न घेताच खळ्याकडं गेले. वाईट वाटलं का त्यांना? जास्तच बोलले का मी? आत्तींना विचारलं तर म्हणाल्या, "आगं, बोल की. अजून बोल. लई कामाचं हाय त्ये."

म्हाताऱ्या माणसांचं काही कळत नाही.

११ जानेवारी
उद्या कडोली. नारळी काठाची साडी काढून ठेवलीय. कलगोंडा अण्णांना भेटायचं तर नीट जायला हवं.

आयत्या वेळी आत्तींनी फर्मान काढलं, "ह्यांनाबी न्ह्या. कडोलीत भावकू हाय, ह्यांचा मावसभाऊ. आनि मीबी येतो." म्हणजे संमेलन बाजूला, मी यांची उठबस करत फिरणार. ओमकार दूध घालायला घरी थांबणार, तो सुटला. अण्णांशी दोन शब्द बोलायला तरी मिळू देत रे देवा.

१२ जानेवारी, रविवार
बसमधून उतरले आणि तशीच लिहायला बसलेय. अक्षर वाकडं आलं तर येऊ दे.

मांडवाच्या बाहेर चिंचेखाली आमचा गट बसला. अतुलनी कुठून तरी खुर्च्या मिळवल्या होत्या. मामा माझ्या शेजारी बसले. नवी टोपी घातलेली, खिशात घडी केलेला कागद. मला वाटलं डॉक्टरची चिठ्ठी. मी म्हटलं, "भावकूमामांकडं जायचं नाही का?" तर म्हणाले, "जाऊ की निवांत."

माझी नजर पांढऱ्या मिशा शोधत होती. निपाणीचे तसे दोघे होते. त्यातल्या एकाला मी नमस्कारही करून टाकला. तो मांडववाला निघाला.

मग अतुल उठले. "आता पाणंद."

मी मान उंच करून बघितलं. कुणीच उठेना. आणि माझ्या शेजारची खुर्ची वाजली.

मामा चालत पुढं गेले. टोपी नीट केली, कागद उलगडला आणि शाळेतल्या पोरासारखं बोट ठेवून वाचायला लागले. मला पहिली काही वाक्यं ऐकूच आली नाहीत. कानात नुसता आवाज. चिंच, खुर्च्या, अतुल गालात हसतायत, आत्तींचा पदर तोंडात. खळं! रेंज! बोलून धाडत होते ते, आणि अतुल लिहून घेत होते. आणि मी त्यांना डॉक्टरकडे नेलं!

मग ऐकू यायला लागलं. काशी सांगत होती: "आता आमी गुंजीत ऱ्हातो. पिंजर खातो. ह्या घरात येक सून हाय. रोज गाडीनं जाती, गाडीनं येती. येकदा म्हाताऱ्यानं इचारलं, तू काय करतीस गं? तर म्हणाली, गुंजी आलं की पुस्तक मिटते, आनि पुस्तकासंगं तोंडबी. म्हातारा त्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसला. चारा टाकला न्हाय, नुसता बसला. ह्या गोठ्यात मला नाव हाय. वासराला नाव हाय. त्या पोरीला आठ वर्सांत त्यानं येकदाबी नावानं हाक मारल्याली न्हाय. म्हातारा म्हणाला, काशे, आता कुठनं सुरवात करू?"

कागद संपला. आधी अतुलनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली.

अतुल म्हणाले, "नीलमताई, गूळपाणी तुम्ही द्यायचं."

मी उठले. अभिप्राय देण्यात माझा हात धरणारं कुणी नाही म्हणे! डोळे वाहत होते आणि हसूही येत होतं. कसंबसं म्हटलं, "गूळ खूप आहे, तो घरी देईन. पाणी देते. या सुनेचं नाव काय?"

मामांनी कागदाची घडी केली. पुन्हा उलगडली. आत्तींकडं बघितलं, मग जमिनीकडं, मग सरळ माझ्याकडं.

"नीलम," म्हणाले.

मागून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, ऐकू न्हाय आलं!"

"नीलम!" मामा एवढ्या मोठ्याने म्हणाले की मांडवातली माणसं वळून बघायला लागली. "नीलम नाव हाय तिचं. माझी सून हाय ती!"

नंतर विक्रम वकील आले. तोंड उतरलेलं, हातात पानावर गुळाचा खडा. "चुकलो, अण्णा. गूळ द्यायला आलोय."

मामा म्हणाले, "डाक्टरनं बंद केलाय. पाणी द्या की नुसतं." वकील पाणी आणायला वळले तेवढ्यात मामांनी खडा तोंडात टाकला. आत्तींनी बघितलं आणि मुद्दाम चिंचेकडं मान वळवली.

येताना बसमध्ये मी आत्तींना धारेवर धरलं. सगळं माहीत असून हसत राहिलात! त्या म्हणाल्या, "मीच म्हटलं हुतं ह्यांना, जाहिरात हातात आलती तवा. पोरगी परक्या मानसांस्नी येवढं गोड बोलती. तुमाला घरात तोंडावर बोलाय जमत न्हाय, तर तिच्या फोनात जाऊन बोला की."

१३ जानेवारी, भोगी
रजा टाकली. तीळ लावून भाकऱ्या केल्या.

सकाळी मामांनी गोठ्यातून हाक मारली, "नीलम, चहा झाला काय गं?" मी ऐकलं, पण बोलले नाही. "नीलम!" तरी बोलले नाही. आत्तींनी डोळे वटारले, "आगं, ऐकू आलं न्हाय काय?"

आलं होतं. आठ वर्षांची बाकी होती, म्हणून आणखी एकदा ऐकायचं होतं.

"ए नीलम! चहा!"

"आले, मामा!" म्हटलं, आणि कपबशी उंबऱ्यावर न ठेवता त्यांच्या हातात दिली. त्यांनी फुंकर मारून एक घोट घेतला आणि म्हणाले, "रंग झ्याक हाय. वासबी झ्याक. येक प्रश्न हाय."

"विचारा की."

"तू सोता कवा लिवणार?"